आधी झोप, मग निदान : बेघरांच्या मानसिक आरोग्याविषयी वाचकांचे प्रश्न

बेघर व्यक्तींसोबत काम करणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. निवाऱ्यांचे व्यवस्थापक, रात्रीच्या फेरीवर जाणारे कार्यकर्ते, समुपदेशक, जेवण वाटणारे स्वयंसेवक अशा अनेकांनी लिहिलं. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : समोरच्या माणसाला नेमकं काय झालंय ते कळत नाही, आणि तरी निर्णय आम्हालाच घ्यावा लागतो. म्हणून या वेळी आजारांच्या माहितीपेक्षा आपण माणसाकडे कसं पाहतो यावर अधिक लिहिलं आहे. त्या माणसाला पलंग मिळणार, दवाखाना मिळणार की बाहेरचा रस्ता, हे बऱ्याचदा आपल्या त्या पहिल्या नजरेवर ठरतं.

प्रश्न : आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मानसिक आजार आहे असं वाटतं. हा आमचा पूर्वग्रह की खरंच तसं असतं?

प्रमाण खरोखरच मोठं आहे, पण आपल्या डोळ्यांसमोर येणारा आजार बहुधा भलताच असतो. २०२१ साली श्रीमंत देशांतल्या ३९ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. आठ हजारांहून थोड्या अधिक बेघर लोकांपैकी सुमारे ७६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. या आकड्याची फोड करून पाहा : दारूशी निगडित विकार सुमारे ३७ टक्के, इतर अमली पदार्थांचे सुमारे २२ टक्के, तीव्र नैराश्य सुमारे १३ टक्के आणि स्किझोफ्रेनियाच्या गटातले (भास आणि भ्रम होणारे) आजार सुमारे १२ टक्के. एकाच माणसाला दोन विकार असू शकतात, त्यामुळे या आकड्यांची बेरीज करू नये. ते श्रीमंत देशांचे आहेत, तेव्हा जसेच्या तसे आपल्या निवाऱ्याला लावूही नयेत.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यातली तुलना. ‘मानसिक आजारी बेघर’ म्हटलं की हातवारे करत स्वतःशी बोलणारा माणूस आठवतो. त्याच्याइतकेच नैराश्यग्रस्त लोक असतात आणि ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. ते भांडत नाहीत, नियम मोडत नाहीत, सांगितलेल्या जागी झोपतात. ‘शांत आहे, काही त्रास नाही’ अशी त्यांची नोंद होते आणि महिनोन्महिने तीच राहते. दोन वेळा जेवण नाकारणारा, अंघोळ सोडून दिलेला, कागदपत्रांच्या कामाला ‘राहू द्या’ म्हणणारा शांत माणूस तुमच्या यादीत वर यायला हवा.

प्रश्न : रस्त्यावरच्या जगण्यामुळे आलेलं वागणं कुठलं आणि आजार कुठला, हे ओळखायचं कसं?

सर्वाधिक पत्रं याच प्रश्नाची होती.

आधी त्या वागण्यामागचा हिशेब शोधा. दिवसभर झोपणारा माणूस आळशी किंवा आजारीच असेल असं नाही. रात्री मार आणि चोरी यांची भीती असते, म्हणून तो रात्री जागतो आणि वर्दळीत झोपतो. भर उन्हात अंगावर तीन-चार कपडे दिसतात, कारण ते ठेवायला दुसरी जागा नाही. काही स्त्रिया जाणूनबुजून अस्वच्छ राहतात, कुणी जवळ येऊ नये म्हणून. छातीशी धरलेल्या बोचक्यात बऱ्याचदा त्या माणसाची उरलीसुरली कागदपत्रं असतात. ज्याचं सामान वारंवार उचलून नेलं गेलं, त्याने फॉर्म भरून घेणाऱ्यावर विश्वास का ठेवावा?

संशय किती खोल आहे ते मात्र तपासता येतं. ‘माझी पिशवी चोरतील’ हा अनुभव आहे. ‘पिशवीत यंत्र बसवलंय, त्यातून माझे विचार बाहेर जातात’ ही वेगळी गोष्ट आहे. मधल्या प्रकारांसाठी एक सोपा उपाय करा : कुलपाचा कप्पा द्या, किल्ली त्याच्याच हातात ठेवा आणि आठवडाभर पाहा. अनुभवातून आलेला संशय हळूहळू सैल होतो. आजारातला संशय बहुधा त्या किल्लीलाही आपल्यात ओढून घेतो, म्हणजे ‘किल्लीसुद्धा त्यांचीच’.

दुसरी बाब झोपेची. अनेक रात्री झोप तुटत राहिली तर कुणीही चिडचिडा आणि विसरभोळा होतो, क्वचित क्षणभराचे भासही होतात. तातडीचा धोका नसेल तर दोन-तीन रात्री सलग झोप, पुरेसं पाणी आणि वेळेवर जेवण मिळू द्या, मग पुन्हा बोला. सलग झोप म्हणजे भिंतीलगतचा, दरवाजा आणि संडासापासून लांबचा पलंग. तोच पलंग रोज, मध्येच हलवाहलव नाही. पहिल्या रात्री भरलेल्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘तात्पुरते’ असं लिहावं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पुन्हा भरावा. पहिल्या रात्रीचं मत फाइलीत कायमचं चिकटलं की पुढचा प्रत्येक कार्यकर्ता त्याच चष्म्यातून पाहतो.

तिसरी बाब शरीराची, आणि इथे चूक जिवावर बेतते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वागणं अचानक बदललं, तर कारण शरीरात आहे असं धरूनच चालायचं. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. ओळखीची खूण म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्थिती दिवसभरात वरखाली होते. सकाळी बरा वाटणारा माणूस रात्री भरकटतो. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. एरवी जमणाऱ्या माणसाला मध्येच धागा सापडेनासा झाला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रक्तातली साखर उतरणं, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, डोक्याला मार यांपैकी काहीही असू शकतं. सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगावं : ‘काल सकाळपर्यंत हे नीट बोलत होते.’ हे वाक्य नसेल तर मळके कपडे आणि असंबद्ध बोलणं पाहून शारीरिक तपासणी न होताच थेट मनोविकार विभागाकडे चिठ्ठी जाऊ शकते.

डोक्याच्या जुन्या दुखापतीचंही तसंच. बेघर लोकांवरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या मेंदूला आयुष्यात कधी ना कधी इजा झालेली असते. उशिरा उत्तर देणं, दिलेली वेळ विसरणं, एकदम भडकणं याला आपण हट्टीपणा म्हणतो. अशांना एका वेळी एकच सूचना द्या आणि ती कागदावर लिहून हातात ठेवा. आणि कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारा माणूस भलतंच उत्तर देतो आणि त्याची नोंद ‘असंबद्ध बोलतो’ अशी होते.

प्रश्न : दारू पिऊन आलेल्याला प्रवेश नाही, असा आमचा नियम आहे. एकाने निवाऱ्यासाठी दारू सोडली आणि तिसऱ्या दिवशी अंगावर किडे चालताहेत म्हणून ओरडू लागला. आम्ही त्याला मनोरुग्ण समजलो. आमचं चुकलं का?

ही वैद्यकीय आणीबाणी होती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की साधारण सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास, प्रचंड घबराट, ताप आणि पूर्ण गोंधळ अशी अवस्था येते. उपचार न मिळाल्यास त्यात मृत्यू होऊ शकतो.

म्हणून प्रवेशाच्या वेळी ‘पिता का?’ एवढ्यावर थांबू नका. शेवटची कधी घेतली, रोज किती घेता, पूर्वी सोडताना फिट आली होती का, हे तीन प्रश्न विचारा. शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर त्याने दारू निवाऱ्यात नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायला हवी. चाल अडखळते, डोळे विचित्र हलतात आणि गोंधळ आहे असं दिसलं तर बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा धोका असतो. हे लक्षण रुग्णालयात बोलून दाखवा, कारण तिथे थायमिनचं, म्हणजे याच बी-१ चं, इंजेक्शन वेळेत मिळालं तर स्मृतीचं कायमचं नुकसान टळू शकतं.

नियमाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. प्यायलेल्याला सरसकट नाकारणारा निवारा, ज्याला सर्वाधिक धोका आहे त्यालाच बाहेर ठेवतो. नियम पिण्याबाबत नको, वागण्याबाबत असावा : आत पिणार नाही, मारामारी करणार नाही, दुसऱ्याची झोप मोडणार नाही.

प्रश्न : गोळ्या आणून देतो, तरी घेत नाहीत. ‘यांना बरं व्हायचंच नाही’ असं आता वाटू लागलं आहे.

गोळी न घेण्यामागे काय काय असतं ते पाहू.

मनोविकारांवरच्या बऱ्याच औषधांनी गाढ झोप येते. घरात ते ठीक आहे. फुटपाथवर गाढ झोपलेल्या माणसाचे बूट, पैसे, कागद जातात, आणि स्त्रीच्या बाबतीत त्याहून भयंकर घडू शकतं. काही औषधांनी एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात. बाहेरून ती अस्वस्थता आजार वाढल्यासारखी दिसते, मग मात्रा वाढवली जाते आणि त्रास आणखी वाढतो. काहींनी भूक फार लागते, आणि जेवण मिळतं दिवसातून एकदा. लिथियम (मनःस्थितीतले टोकाचे चढउतार रोखणारं औषध) घेणाऱ्याला तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, पण जवळ ना पाणी, ना स्वच्छतागृह. पाणी कमी पडलं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण विषारी पातळीला जाऊ शकतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, बोलणं जड होणं ही त्याची लक्षणं आहेत. अशा वेळी पुढची गोळी देऊ नका, रुग्णालय गाठा. शिवाय भास-भ्रमांवरच्या अनेक औषधांमुळे शरीराला उष्णता सहन होत नाही, म्हणून उन्हाळ्यात या लोकांसाठी सावली आणि पाणी हाही उपचाराचा भाग समजावा.

तेव्हा ‘का घेत नाही?’ असं विचारू नका. ‘घेतल्यावर काय होतं?’ असं विचारा, उत्तर शब्दशः लिहून घ्या आणि डॉक्टरांपर्यंत पोचवा. औषधाची वेळ बदलणं, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी, कमी झोप आणणारा पर्याय हे बदल डॉक्टर करू शकतात. माणसाची स्वतःची तयारी असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही असतं. काहींमध्ये अंतर तीन महिन्यांचं असतं. गोळ्या निवाऱ्यात कुलपात ठेवून रोज देत असाल तर रात्री झोपायच्या तोंडावर द्या, संध्याकाळी सहाला नको. सहाला दिलेल्या गोळीने माणूस जेवणाच्या रांगेतच पेंगतो आणि उद्यापासून ती नाकारतो.

प्रश्न : आमचेच सहकारी ‘नाटकं करतो’, ‘सरावलेला आहे’ असं बोलतात. त्यांना कसं सांगावं?

उपदेशाने फारसा फरक पडत नाही. नोंदवहीची पद्धत बदलली की पडतो. नियम एकच करा : निष्कर्ष लिहायचा नाही, दिसलं-ऐकलं ते लिहायचं.

‘रात्री आक्रमक झाला, समजावूनही ऐकलं नाही’ ही नोंद उदाहरण म्हणून घ्या. ती अशी लिहिता येईल : ‘रात्री २ वाजता रखवालदाराने खांदा हलवून उठवलं. उठताच हात झटकला, शिवी दिली, भिंतीला पाठ लावून बसला. कुणाला मारलं नाही. लांबून नाव घेऊन बोलल्यावर दहा मिनिटांत शांत झाला.’ दुसऱ्या नोंदीत पुढचा उपाय आपोआप दिसतो. या माणसाला हात लावून उठवायचं नाही. पायाच्या बाजूला, दोन हात अंतरावर उभं राहून नाव घ्यायचं. पहिली नोंद मात्र त्याला हाकलण्याचं कारण होऊन बसते.

सेवा देणाऱ्यांच्या नजरेत दोन टोकं आढळतात. एका टोकाला सगळंच आजार. मग पलंग नीट नाही ही साधी तक्रारही लक्षण ठरते. दुसऱ्या टोकाला सगळं लबाडी; मग खरा भासही नाटक ठरतो. तोच माणूस समुपदेशकाला आजारी आणि रखवालदाराला बेरकी वाटतो, कारण एकाने त्याला दुपारी खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्याने पहाटे रांगेत. म्हणून आठवड्याच्या बैठकीत रखवालदार, सफाई कामगार आणि स्वयंपाक करणारे यांना बसवाच. कोण रात्री जागतं, कोण ताट अर्धं टाकतं, हे त्यांना आपल्याआधी कळतं.

प्रश्न : बोलतच नाहीत अशांशी सुरुवात कशी करावी?

ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी, त्याच माणसाने जावं. दर वेळी नवा कार्यकर्ता गेला तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. उभ्याने वाकून बोलू नका. थोडं अंतर ठेवून, समोर न येता बाजूला बसा, त्याची निघायची वाट मोकळी ठेवा. पहिल्या भेटीत नाव, गाव, आजार काही विचारू नका. ‘पाणी हवं की मोजे?’ अशी दोन गोष्टींतली निवड पुढे करा. मानेने नकार आला तरी तो संवाद आहे. पाच मिनिटांत निघा आणि पुन्हा कधी येणार ते सांगा. सांगितलेला दिवस चुकवला तर महिन्याभराची मेहनत वाया जाऊ शकते, म्हणून निभावता येईल तेवढंच सांगा.

भासांविषयी वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. ‘मला ते आवाज ऐकू येत नाहीत, पण तुम्हाला त्याचा त्रास होतोय हे दिसतंय. रात्री जास्त होतो का?’ एवढं पुरतं.

प्रश्न : आधी उपचार आणि व्यसनमुक्ती, मग घर, हा क्रम योग्य नाही का?

हा क्रम दीर्घकाळ सर्वमान्य होता : निवारा, उपचार, सुधारणा आणि शेवटी घर. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम सेम्बेरिस यांच्या ‘पाथवेज टू हाउसिंग’ने तो उलटा केला. आधी घर द्यायचं, त्यासाठी औषधाची किंवा दारू सोडण्याची अट नाही. अट एवढीच की उत्पन्नाचा ठरावीक वाटा भाड्यात द्यायचा आणि कार्यकर्त्याला नियमित भेटू द्यायचं. ही पद्धत ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणून ओळखली जाते. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक मानसिक आजारी बेघर लोकांवर तिची शास्त्रीय चाचणी घेतली. घर मिळालेले लोक नेहमीच्या सेवेतल्या लोकांपेक्षा कितीतरी अधिक काळ घरात टिकले. आजाराची लक्षणं मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली. म्हणजे घर हे औषध नाही. पण ‘आधी सुधार, मग घर’ या अटीलाही आधार उरत नाही, कारण अट न घालताही लोक टिकतात.

घर मिळाल्यावर काय बिघडतं तेही सांगायला हवं. पहिल्या काही आठवड्यांत एकटेपणा अंगावर येतो आणि माणूस जुन्या जागी परत जाऊन झोपतो. जुने साथीदार येऊन घराचा ताबा घेतात. शेजाऱ्यांच्या तक्रारी, थकलेलं भाडं. आणि सगळं मार्गी लागलं असं समजून भेटी थांबवल्या जातात, ते सर्वात घातक. न्यूयॉर्कमधल्या पुरुषांच्या निवाऱ्यात काम करताना घडलेली एक पद्धत इथे कामाला येते. ती नऊ महिन्यांची असते, तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे. पहिल्यात वारंवार भेटी आणि दवाखाना, घरमालक, नातेवाईक यांच्याशी प्रत्यक्ष ओळख करून देणं. दुसऱ्यात मागे सरून ती नाती टिकतात का ते पाहणं. तिसऱ्यात जबाबदारी पूर्ण सोपवणं. निवारा सोडण्याआधीच हे काम सुरू करायचं असतं.

घर देणं तुमच्या हातात नसेल तर निदान पलंगाला गोळीची अट जोडू नका.

प्रश्न : नको म्हणत असताना रुग्णालयात नेता येतं का?

नकार हा आजाराचा पुरावा नव्हे. मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा खाणंपिणं, जखम, थंडी-ऊन यांतलं काहीच सांभाळता येत नसेल, तर थांबू नये. कायदा देशागणिक वेगळा असतो. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार मानसिक आजार असल्याचं वाटणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी भटकी व्यक्ती पोलिसांनी संरक्षणात घ्यायची आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायची असते. तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर व्यक्तीला मोफत उपचाराचा हक्क याच कायद्याने दिला आहे, रेशनकार्ड असो वा नसो.

नेताना ओळखीचा कार्यकर्ता सोबत असावा आणि सामानही सोबत जावं. बोचकं मागे राहिलं तर माणूस त्याच्यासाठी रुग्णालयातून निघून येतो.

प्रश्न : आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार डोक्यात घातल्यासारखं होणार नाही का?

नाही. थेट आणि शांतपणे विचारा : ‘जगणं संपवावं असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर कसं, कधी, साधन जवळ आहे का, हे विचारा. बेत ठरलेला असेल तर एकटं सोडू नका, साठवलेल्या गोळ्या मागून घ्या, त्याच वेळी दवाखान्यात न्या. निवाऱ्यातून काढून टाकल्यानंतरचे आणि रुग्णालयातून सुटल्यानंतरचे दिवस विशेष जोखमीचे धरून चाला.

प्रश्न : पूर्वी कळवळा वाटायचा, आता राग येतो. काम सोडावं का?

लगेच नाही. आधी कामाची रचना पाहा. एकट्याने रात्रपाळी, गंभीर प्रसंगानंतर कुणाशी बोलायला जागा नाही, एकाच्या वाट्याला न पेलतील इतकी माणसं, असं असेल तर राग येणारच. संस्थेकडे या गोष्टी लेखी मागा : रात्री दोघांची जोडी, महिन्यातून दोनदा अनुभवी व्यक्तीसोबत प्रकरणांवर बोलण्याची वेळ, मृत्यू किंवा हाणामारीनंतर दुसऱ्या दिवशी सर्वांची बैठक, आणि पाळी बदलताना पंधरा मिनिटं तोंडी माहिती देण्यासाठी. एखाद्याच विशिष्ट माणसाचा राग येत असेल तर महिनाभरासाठी त्याचं काम सहकाऱ्याशी बदलून घ्या, आणि हे त्या माणसाला आधी सांगा, सहकाऱ्याशी ओळख स्वतः करून द्या.